डाव्या डोळ्यातलं फूल

“भाऊ, हाऊ कोण शे?”

धुरपदाबाईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. समोर तिच्या नवऱ्याचं, जीवरामचं, चित्र होतं. मागे सांजेचं केशरी आभाळ, फुटलेला कापूस, ओठांवर मंद हसू. उद्या वर्षश्राद्धाला ते पाटावर ठेवायचं होतं.

“तुमचेच मालक, अक्का,” लीलाधर पेंटर म्हणाला.

“त्यासना डावा डोयामां फूल व्हतं. ते कोठे गयं?”

“तो पांढरा डाग ना? मीच काढून टाकला. चित्रात तरी माणूस देखणा दिसू द्या की!”

चहा घेऊन आलेला टपरीवाला भिकन हसला. “अक्का, आमना पेंटर रोमँटिक शे. स्वतःनं लगीन मात्र जमनं नही!”

‘रोमँटिक’ हा शब्द धुळ्याच्या एका प्राध्यापकांचा. आठ वर्षांपूर्वी पारोळ्यात त्यांची स्कूटर पंक्चर झाली, तेवढ्या वेळात ते लीलाधरच्या दुकानातली चित्रं बघत बसले. म्हणाले, “तुम्ही रोमँटिक आहात. डोळ्यांना दिसतं ते नव्हे, मनाला दिसतं ते काढता.”

दिवसभर नंबरप्लेटा रंगवून, संध्याकाळी खानावळीचा डबा एकट्यानं उघडताना लीलाधर ते वाक्य गुळाच्या खड्यासारखं तोंडात घोळवायचा. गेलेल्या माणसांच्या चित्रांत त्यानं देवीचे व्रण पुसले, बसलेले गाल भरले. लोक खुशीनं घेऊन गेले. आजवर कोणी काही विचारलं नव्हतं.

“फूल म्हणजे उणीवच ना, अक्का?”

“कपाशीनी काडी लागनी व्हती, लगीनना पहिलाच साली. त्या अंगले त्यासले दिसे नही. रस्ताले मी त्याच अंगले चालू. गाडी उनी का हात दाबू. चाळीस वरीस.” तिनं चित्रातल्या उजळ डोळ्याकडे पाहिलं. “देखणाच व्हतात, भाऊ. आते मी कोणता अंगले हुबी राहू?”

भिकन कप ठेवून गुपचूप निघून गेला.

मनाला दिसतं ते काढलं होतं खरं. पण मन लीलाधरचं होतं. त्या मनाचा हात कधी कोणी दाबला नव्हता. त्यानं सगळ्यात बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला. तीन दिवस खपून उजळलेल्या डोळ्यात एक ठिपका ठेवला, कडेनं जरा पसरवला.

“हां,” धुरपदाबाई म्हणाली, आणि तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

रंग ओला होता, कागदात गुंडाळता येईना. शिंदखेड्याच्या एसटीला अजून तासभर होता. चित्र मांडीवर धरून ती दुकानाच्या पायरीवर बसली, आणि त्या डोळ्यावर हातानं हलकेच वारा घालत राहिली.

आत लीलाधर ब्रश धूत होता. पाणी पांढरं झालं, ब्रश स्वच्छ झाला, तरी धूतच होता.