ठिणगी माझी, अंडी वहिनींची

मी वेल्डिंगचा डबा बोलतोय. मशीन म्हणा हवं तर. चाकं लावलेला, निळा, कोपरे खरवडलेला. आधी एका रेलिंगवाल्याकडे राबलो, मग या वेल्डरने मला घरामागच्या खोलीत आणून ठेवलं.

स्टीलला न टेकता मी हजारो व्होल्टची ठिणगी उडवतो, मग जाळ पेटतो. ठिणगी इवलीशी, पण तिचा गोंगाट फार. तुमच्या कानांना तो ऐकू येत नाही, आसपासच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना येतो. तो जिरावा म्हणून माझी एक तार जमिनीतल्या सळईला बांधलेली असते. ती वेल्डरच्या पायात दोनदा आली, तेव्हा त्याने ती सोडून खुंटीला टांगली. पायात येणाऱ्या गोष्टीचा माणसांना फार लवकर कंटाळा येतो.

भिंतीपलीकडे त्याच्या वहिनीने अंडी उबवायचं यंत्र आणलं. साठ अंडी, एकवीस दिवस. पिल्लं निघाली तर घरचा धंदा, नाहीतर पुन्हा दुसऱ्याच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं.

चौदाव्या दिवशी तिने एक अंडं मिटल्या पापणीला लावून पाहिलं.

"भावजी, अंडी गार लागताहेत."

"तापमानाचा आकडा काय दाखवतोय?"

"साडेसदतीस."

"मग झालं तर. यंत्रापेक्षा तुमची पापणी शहाणी का?"

तिने अंडं परत यंत्रात ठेवलं. आकडा समोर असला की माणसं स्वतःचं खरं मानायला कचरतात. मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण? माझ्या ठिणगीसरशी त्या यंत्राचं डोकं गोठायचं. आकडा जागच्या जागी, हीटर बंद. थोड्या वेळाने ते शुद्धीवर यायचं, तोवर माझी पुढची ठिणगी.

दोन दिवसांनी तिला राहवलं नाही. भिंतीपलीकडे वेल्डिंग चालू असलं की अंडी गार होतात, हे तिच्या ध्यानात आलं होतं. "वेल्डिंगचा एक टाका मारा बघू. मी इथे यंत्रापाशी उभी राहते."

त्याने मारला. हीटरचा दिवा विझला, आकडा साडेसदतीसच.

वेल्डर येऊन बघून गेला. खुंटीवरची तार काढून सळईला घट्ट आवळली आणि पुन्हा टाका मारला. दिवा जळत राहिला.

एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. बाकीची अंडी वहिनीने बादलीत भरली.

मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही. ठिणगी उडवणं माझं काम. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याची तार सोडू नका, एवढंच मागणं.

वहिनी सोमवारपासून दुकानात जाते. पिल्लांना दाणे तिचा दीर घालतो.