सरूच्या घरचं पाणी

काम एकाच घरी असलं तरी अख्ख्या चाळीची दारं वाजवायची, हा आमच्या संस्थेचा नियम. एचआयव्हीची माहिती सगळ्यांना सांगितली, की आपण नेमकं कोणासाठी आलोय ते कळत नाही. नियम चांगला आहे. पाय मात्र आपले जातात. मोरिवलीच्या त्या चाळीत माझ्या जोडीला काम करणाऱ्या सुषमाताई आणि मी तेच ते इतक्या वेळा बोललो होतो, की एक बाई आतूनच ओरडली, "डास चावून होत नाय, माहितेय! पुढं जा."

त्या दिवशी काम होतं सरूकडे. सरू विधवा, एकटी, घरी बसून जीन्सचे धागे कापणारी. तिच्या एचआयव्हीच्या गोळ्या संपत आल्या तरी ती सरकारी दवाखान्यात फिरकली नव्हती. गोळ्यांत खंड पडला की दुखणं पुन्हा डोकं वर काढतं, हे तिला आमच्याइतकंच ठाऊक होतं. म्हणूनच मला तिचा राग येत होता. आम्ही चपला झिजवायच्या आणि बाईसाहेबांनी घरात बसायचं!

तिच्या शेजारी कौसाबाई राहते. कॅम्प तीनच्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे आणून ती चाळीतल्या बायकांना वाटते. तिने चहा विचारला. मी नेहमीसारखं म्हटलं, "नको मावशी, घाई आहे."

"आमच्याकडं तुमाला कायमच घाई," कौसाबाई म्हणाली. "सरूकडं बरं बसून पाणी पिता? तिच्याच ग्लासानं."

सुषमाताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"येडी नाय मी." कौसाबाईने आवाज खाली आणला. "त्या रोगाच्या माणसाकडं तुम्ही लोक मुद्दाम पाणी पिता. माझ्या भाच्याकडं पण असेच प्यायचे. बाकीच्या बायका बोलल्या, तिचा माल आमच्या मालात नको. मग मी तिचं काम बंद केलं. मला पण धंदा करायचाय."

"तसं काही नाही मावशी," मी म्हटलं खरं, पण माझं मलाच ते पटेना. पेशंटच्या घरी त्याच्याच भांड्यातून पाणी प्यायचं, म्हणजे त्याला परकं वाटत नाही, असं आम्हाला शिकवलेलं. सगळ्या घरी नको म्हणायचं आणि एकाच घरी ग्लास तोंडाला लावायचा, हे चाळीला दिसत असेल, असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. करायला गेलो एक, झालं भलतंच.

"कपड्यांनी हा रोग कोणालाच होत नाही," सुषमाताई म्हणाल्या.

"मला माहितेय. त्यांना सांगा."

"त्यांनाच तर सांगतोय इतकी वर्षं." आणि ताई तिथेच पायरीवर बसल्या. त्यांना इतकं थकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सरूने दार अर्धंच उघडलं. आत या म्हणाली नाही.

"गोळ्या आणीन मी, ताई. पण दवाखान्यात तुमच्यातलं कोणीतरी हाक मारतं, पार रस्त्यापर्यंत सोबत येतं. लोक बघतात. कुळगावला एका खानावळीत पोळ्या लाटायचं काम मिळतंय. तिथं कोणाला काय माहीत नाय." तिने दाराच्या कडीवर हात ठेवला. "तुम्ही मला ओळखूच नका. दारात येऊ नका, रस्त्यात हसू नका. एवढं करा, बाकीचं मी बघते."

तिने दार लावलं. चालता चालता मी तिच्यावरचा राग शोधत होते. तो आता माझ्याकडेच वळला होता.

दोन दिवसांनी शेअर रिक्षात सुषमाताई आणि मी बसलो होतो. तिसरी सवारी येऊन माझ्या बाजूला बसली. सरू. तिचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं, इतकं हडकलेलं. ताई "अगं" म्हणणार, तेवढ्यात मी त्यांचा हात दाबला. सगळा रस्ता आम्ही तिघी समोर बघत बसलो.

सरकारी दवाखान्यापाशी ती उतरली. रिक्षावाल्याने मला विचारलं, "साथ में हो क्या?"

"नहीं भैया," मी म्हटलं. "हम नहीं पहचानते इनको."

सरूने ते ऐकलं. मागे वळून न पाहता ती फाटकातून आत गेली. मला बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं, आणि यातलं काहीच तिला सांगायची सोय नव्हती.