सूरपाटीवरचा चंदर

सदतीस साली प्रांतात निवडणुका झाल्या, पण आमच्या नाशकात त्यांच्याहून जास्त भांडणं झाली ती चंदर मोठा की महेबूब, यावरून. दोघेही आट्यापाट्यांतले सूर. चंदर आमच्या पंचवटीचा, महेबूब भद्रकालीचा. मी पंचवटीच्या संघात शेवटच्या पाटीवर उभा राहायचो, म्हणजे वाद घालायला सगळ्यांत पुढे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदानात आडव्या पाट्या आखतात. प्रत्येक पाटीवर एक गडी राखणीला असतो. समोरच्या संघाने त्या पाट्या ओलांडत पार टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. राखणाऱ्याचा हात लागला की गडी बाद. या सगळ्या आडव्या पाट्यांना मधोमध चिरत एक लांब उभी पाटी जाते, ती सूरपाटी. तिच्यावर धावणारा तो सूर. बाकीचे आपापल्या पाटीला बांधलेले, सूर मात्र सगळीकडे पोचतो, आणि कोणी कुठे सरकायचं तेही तोच ओरडून सांगतो. सूर चांगला तर संघ चांगला.

चंदरसारखा सूर मी पाहिला नाही. पंचवटीच्या मागे त्याचा वांग्या-कांद्याचा मळा होता. उंची बेताची, पायाने किंचित फेंगडा. पण समोरचा गडी कुठे वळणार हे त्या गड्याच्या आधी चंदरला कळायचं. आमचा संघ तसा साधाच. मी भांडी ठोकणारा तांबट, पुंजा हरसूलकडून लाकडाच्या गाडीबरोबर आलेला आणि इथेच राहिलेला. असल्या गड्यांना घेऊन चंदरने तीन वर्षं ओळीने अंतिम सामना गाठला. आणि तिन्ही हरला. त्यांतले दोन महेबूबच्या भद्रकालीशी.

महेबूब नालबंद होता. टांग्यांच्या अड्ड्याला लागून त्याचं दुकान. उंचपुरा, हाताला लोखंडाची ताकद. वर्षभर तो बरा खेळायचा, इतकंच. पण होळीला होणाऱ्या अंतिम सामन्यात त्याच्या अंगात काय यायचं कोण जाणे. त्यामुळे गावात एक बोलणं रूढ झालं होतं, की चंदर होळीपर्यंत वाघ आणि होळीला शेळी.

त्या वर्षी नाशकात मोठे सामने भरणार होते, नगरसारखे बाहेरगावचे संघ येणार होते. सगळ्या नाशकाचा मिळून एक संघ काढायचं ठरलं. निवड सावळीराम मास्तरांकडे होती. मास्तर स्वतः जुने खेळाडू, बोलणं तुटक.

"सूर महेबूब," ते म्हणाले. "चंदर दुसऱ्या पाटीवर."

मी म्हणालो, "मास्तर, वर्षाचे सगळे सामने धरले तर चंदर कितीतरी पुढे आहे."

"माणसाची किंमत शेवटच्या सामन्यात कळते, वाल्मीक. बाकीचं लोक विसरतात."

मी आणखी बोलणार होतो, पण चंदरनेच मला कोपराने ढोसलं. "ऱ्हाऊ दे. दुसरी पाटी तर दुसरी पाटी," तो म्हणाला, आणि धोतराचा काचा मारून सरावाला गेला.

अंतिम सामना नगरशी पडला आणि तो पाहायला अर्धं गाव लोटलं. आम्ही बरोबरीत होतो आणि शेवटचा डाव चालला होता. नगरचा एक किडकिडीत पोरगा आत शिरला. त्याने उजवीकडे अंग टाकलं. महेबूब उजवीकडे झेपावला. चंदर दुसऱ्या पाटीवरून ओरडला, "डावीकडं, महेबूबभाई, डावीकडं!" तोवर पोरगा डावीकडून तीन पाट्या पार करून गेला होता. शेवटच्या पाटीवर तो माझ्याही हाताखालून निसटला. आम्ही हरलो.

महेबूब मैदानातून तडक घरी गेला. तो आयुष्यात पहिल्यांदा अंतिम सामना हरला होता, आणि तोही सगळ्या गावासमोर. परतीच्या वाटेवर लोकांची तोंडं सुटली. कालपर्यंत ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं तेच म्हणत होते की दोन सामने नशिबाने जिंकला, आता उघडा पडला. मला वाटलं चंदरला थोडं बरं वाटत असेल. मी तसं म्हणालोही. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या सकाळी मोकळा हायेस का? बैलाच्या खुरांना नालाच्या पत्र्या मारायच्या हायेत."

सकाळी तो बैल घेऊन माझ्या दारात आला. आम्ही पूल ओलांडून भद्रकालीत गेलो. महेबूबचं दुकान बंद होतं. टांगेवाले बाहेर टेकले होते. एकजण हसून म्हणाला, "आज नालबंद नाही भेटायचा. काल सूर हरवला त्याचा." चंदरने त्याच्याकडे बघितलंही नाही. दुकानामागेच महेबूबचं घर. दाराशी त्याची बायको नसीम उभी होती.

"भाऊ, ते उठलेच नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली. "रात्रीपासून तोंडात घास नाही. मी सांगून थकले."

"भाभी, त्यांना सांगा गिऱ्हाईक आलंय. बैल लंगडतोय म्हनावं."

बैल लंगडत नव्हता. पण महेबूब बाहेर आला. डोळे सुजलेले होते. चंदरला पाहून तो थबकला.

"चंदरभाऊ, आज नको. दुसऱ्या कोणाकडे न्या."

"दुसरीकडं कुठं नेऊ? मळ्यात मोट थांबलीय. तुमच्याशिवाय माझा बैल कोनाला पाय देत नाय."

महेबूब दोर आणायला आत गेला.

बैलाला पत्र्या मारायच्या तर आधी त्याला पाडावं लागतं. पायात दोर अडकवून आम्ही तिघांनी तो अलगद आडवा केला. मी शिंगं धरून मानेशी बसलो, चंदर पाठीशी, महेबूब पायांशी. त्याने खूर तासायला घेतला. हाताला काम लागल्यावर त्याचा श्वास जरा सावकाश झाला.

खूर तासता तासता तो म्हणाला, "तुमचा आवाज मला आला होता."

"ठाव हाय."

"आला, तरी मी वळलो नाही. वाटलं, अंतिम सामना आहे, आपल्याला कळतंय."

"मी बी पह्यल्या वर्षी असंच कोनाचं ऐकलं नव्हतं," चंदर म्हणाला. "मग आठवडाभर मळ्यात गेलो नाय. कांदे सुकाया लागले. आईनं शेवटी कुदळ पायाशी आनून टाकली. म्हनली, कांद्याला काय ठाव तू हरलास का जिंकलास, त्याला पानी पायजे."

महेबूबने खिळा ठोकला. मग हातोडी बाजूला ठेवून तो म्हणाला, "तीन वेळा हे तुम्ही सोसलंत. मी दोनदा समोर उभा होतो आणि मला कधी कळलं नाही. मी घरी जाऊन बिर्याणी खात होतो."

"नाय. घरी जायच्या आधी काय केलं ते तुमी विसरलात, मी नाय विसरलो. पह्यल्यांदा तुमच्याशी हरलो तवा मी पाटीवरच बसलो होतो. माझी मान्सं निघून गेली. तुमचे लोक तुमाला खांद्यावर घ्याया आले, तर तुमी त्यान्ला थांबवून मला लोटाभर पानी आनून दिलं. त्या पान्यावर मी घरी गेलो, महेबूबभाई. आज ते सांगाया आलो. बैलाचं निमित्त."

मला हे ठाऊकच नव्हतं. निघून गेलेल्यांत मीही असणार. महेबूबने मान खाली घातली आणि उरलेले खिळे एकामागून एक ठोकले. बैल उठून उभा राहिला, तेव्हा नसीमभाभीने दारातून हाक मारली, की भाकऱ्या झाल्यात. आम्ही तिघे तिथेच ओट्यावर जेवलो. महेबूब दोन भाकऱ्या जेवला. टांगेवाले बघत होते. जेवण झाल्यावर त्यांतल्याच एकाने आपला घोडा दुकानापुढे आणून उभा केला.

पुढच्या हिवाळ्यात येवल्याला सामने ठरले. मास्तरांनी पुन्हा सगळ्या नाशकाचा संघ काढला आणि सवयीने सूर म्हणून महेबूबचं नाव घेतलं. महेबूब उभा राहिला.

"मास्तर, सूर चंदरभाऊ. मी शेवटच्या पाटीवर राहतो."

"आणि अंतिम सामना आला तर?"

"येऊ द्या. भद्रकालीकडून मी जिंकलो ते खरं, पण अंतिमपर्यंत पोचताना आम्ही कितीदा धापा टाकल्या ते तुम्ही पाहिलंय. हे तीन वर्षं रांगेने पोचले. पुंजा आणि वाल्मीकला घेऊन पोचले."

माझं नाव त्याने ज्या सुरात घेतलं त्यावर सगळे हसले. मीही हसलो. ते खरंच होतं.

मनमाडहून गाडीने आम्ही येवल्याला गेलो. असा खेळ आम्ही पुन्हा कधी खेळलो नाही. चंदर मधून ओरडायचा आणि मागून महेबूबचं उत्तर यायचं. नगरला आम्ही उपांत्य सामन्यातच हरवलं. अंतिम सामना येवल्याच्या विणकरांशी झाला. दिवसभर मागावर बसणाऱ्या त्या माणसांचे पाय काय चपळ होते. शेवटच्या डावापर्यंत झुंजलो आणि थोडक्यात हरलो.

शिट्टी वाजल्यावर मी चंदरकडे बघायला घाबरत होतो. सूर म्हणून हरलेला त्याचा हा चौथा अंतिम सामना. तो सूरपाटीवर उभा होता, कमरेवर हात ठेवून, धापा टाकत. महेबूब मागून चालत आला, त्याच्या शेजारी उभा राहिला. मग पुंजा गेला, मग मी, मग एकेक करत सगळेच त्या पाटीवर जाऊन उभे राहिलो. चंदरने सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमचे लय उपकार झाले." पुंजा म्हणाला, "आरं, उपकार तुझे. तू नस्तास तर मी आजून लाकडंच वाहिली आस्ती."

नाशकात लोक काय म्हणाले ते सांगायची गरज नाही. तेच वाघ-शेळीचं म्हणाले. मास्तर मात्र स्टेशनावर आले होते. चंदरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी चुकीच्या दिवशी मोजत होतो रे." एवढंच बोलून ते टांग्यात बसले.

चंदर, महेबूब आणि मी पायी मळ्यावर गेलो. चंदरची आई कुसाबाई अंगणात चूल पेटवून बसली होती.

"कोन जिकलं?" तिने विचारलं.

"येवलेकर," चंदर म्हणाला.

"बरं. चांगली मान्सं हायेत ती. हातपाय धुवा." मग महेबूबकडे वळून म्हणाली, "तू बी धू रे बाबा. आन् जाताना नसीमसाठी मेथी घेऊन जा, आजच खुडलीय."

महेबूब वाकून तिच्या पाया पडला आणि हौदाकडे गेला. चंदर त्याच्या हातावर पाणी ओतू लागला.