दोन आखूड शिट्ट्या

थॉर्नबेकच्या मेजरसाहेबांना गावात कोणी वाईट म्हणत नसे, हे आधीच सांगून टाकतो. साहेब, म्हणजे सर पेरेग्रिन थिसल्टन, बापजाद्यांपासूनचे जमीनदार. गावातलं प्रत्येक छप्पर त्यांचं, ओढा त्यांचा, ओढ्यातला मासासुद्धा त्यांचाच. पण एखाद्या म्हातारीचं छप्पर गळायला लागलं, की दुसऱ्या दिवशी सुतार तिच्या दारात हजर. जर्मनांशी लढाई जुंपली तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनीच गावातली पोरं गोळा केली. "मी नेतोय, मीच परत आणीन," म्हणाले. राजा बोले, दळ हाले! पोरं हसत हसत गेली.

परत आले ते मेजरसाहेब आणि विल्फ.

विल्फ हा अमॉस बिर्केटचा मुलगा. अमॉस साहेबांच्या रानाचा राखणदार. फेझंट पक्षी वाढवायचे आणि शिकारीच्या दिवशी हाका घालून ते साहेबांच्या बंदुकीसमोर उडवायचे, हे त्याचं काम. विल्फ हातीपायी धड परतला. जेवायचा, लाकडं फोडायचा, कुत्र्यांशी खेळायचा. फक्त शिट्टी ऐकली की संपलं. स्टेशनात गार्डाने शिट्टी मारली तेव्हा हा डोळे विस्फारून समोर धावत सुटला आणि अमॉसने त्याला रुळांवरून ओढून काढला.

त्याचं कारण विल्फने एकदाच सांगितलं होतं, सरपण रचता रचता.

"एक लांब शिट्टी म्हणजे खंदकातून वर चढून पुढे धावायचं, बाबा. दोन आखूड म्हणजे मागे फिरायचं. मेजरसाहेबांनी लांब वाजवली. आम्ही गेलो. पुढे तोफांनी उडवायचं ते काटेरी तारांचं कुंपण जसंच्या तसं उभं. मग चिखलात पडून दोन आखूड शिट्ट्यांची वाट बघत राहिलो. अख्खा दिवस."

"मग?"

"वाजल्याच नाहीत." एवढं बोलून तो कान देऊन बसला, जणू आता वाजतील.

युद्धानंतरची पहिली शिकार नोव्हेंबरात ठरली. रिवाज असा, की गावातल्या प्रत्येक घरातून माणूस हाक्याला यायचा. अमॉस टोपी हातात घेऊन साहेबांपुढे उभा राहिला.

"मेजरसाहेब, यंदा विल्फ नको. शिट्टीचं तेवढं त्याला..."

"शिट्टी कुठून आली इथे?" साहेब हसले. "हाक्याच्या इशाऱ्याला आमच्या आजोबांचं शिंग आहे ना! घरात कोंडून ठेवलास तर गंजून जाईल पोरगा. घेऊन ये त्याला." आणि अमॉसची पाठ थोपटली.

घरी त्याची बायको हेट्टी कणीक मळत होती. "शब्द दिलाय त्यांनी?" तिने विचारलं.

"दिलाय."

"चर्चच्या पायऱ्यांवर दिला होता, तसाच का?"

अमॉस टोपी घालून कुत्र्यांना खाऊ घालायला निघून गेला.

शिकारीच्या सकाळी धुकं इतकं खाली उतरलं होतं, की झाडांचे नुसते बुंधे दिसत होते. कुत्री आणायला अमॉस साहेबांच्या मोठ्या घराच्या मागून गेला, तेव्हा दिवाणखान्याच्या खिडकीतून त्याला ते शिंग दिसलं. खुंटीवर टांगलेलं. शिकारीला आलेले पाहुणे तर बंदुका घेऊन बाहेर पडले होते. तो खिडकीशीच थांबला. आता तुम्ही म्हणाल, आत जाऊन विचारायला काय झालं होतं? अहो, राखणदाराने एकदा विचारावं. दोनदा विचारलं की साहेबाच्या शब्दावर विश्वास नाही असं होतं. अमॉसचा बाप मेला तो हेच शिकवून. कोणीतरी नोकर घेऊन येईल शिंग, अशी मनाची समजूत घालून अमॉस चालायला लागला.

पहिलाच हाका अरुंद रानातला. एका कडेला हाकारे काठ्या घेऊन उभे, पलीकडच्या कडेला बंदुका. अमॉसने विल्फला आपल्या शेजारीच ठेवलं होतं. दुसऱ्या बाजूला म्हातारा नेड क्रॅग. त्याची दोन्ही पोरं त्या चिखलातच राहिली होती.

"नेम चांगला आहे हं मेजरचा," नेड पुटपुटला. "जे समोर धाडलं, त्यातलं सहसा परत येत नाही."

"गप रे, नेड!"

"मी गपच आहे गड्या. वर्षानुवर्षं गपच आहे."

विल्फ हसला. त्या दिवशी तो बरा होता, खरंच बरा होता. कुत्र्याच्या कानामागे खाजवत उभा होता. तेवढ्यात धुक्यातून शिट्टी आली.

एक. लांब.

कुत्र्याच्या कानावरचा हात सुटला. अमॉसने झेप घेतली, बाही हातात आली आणि निसटली. विल्फ पळत सुटला होता, वाकून, काठी संगिनीसारखी पुढे धरून. मागून अमॉस, फांद्या तोंडावर घेत, ओरडत, "विल्फ! अरे थांब, पोरा!" पण बापाच्या हाकेने थांबायचा हुकूम त्याला कोणी दिला नव्हता.

रान विरळ झालं. पलीकडे मेजरसाहेब उभे दिसले, बंदूक हातात, शिट्टी दातांत.

"साहेब, दोनदा वाजवा!" अमॉस फुटक्या आवाजात किंचाळला. "दोन आखूड! परत बोलवा त्याला!"

साहेबांनी मान वळवली. ऐकलं त्यांनी. अमॉस मरेपर्यंत सांगत राहिला, की ऐकलं. पण त्याच वेळी विल्फच्या पायाजवळून एक वुडकॉक उठला, लांब चोचीचा, आणि कमरेएवढ्या उंचीवरून वेडावाकडा उडाला. तो पक्षी मारणं म्हणजे शिकाऱ्याच्या मानाचा तुरा. मोठ्या माणसाला वाटतं, जग आपल्यासाठी क्षणभर थांबेल. आधी पक्षी, मग शिट्टी. बंदूक पक्ष्यामागे फिरली.

बार झाला. पक्षी निघून गेला.

विल्फ गवतात उताणा पडला होता. अमॉसने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पोराचे डोळे उघडे होते, आणि तो परत कान देऊन ऐकत होता.

"वाजल्या का, बाबा?"

"वाजल्या रे," अमॉस म्हणाला. "आत्ताच वाजल्या. चल, घरी जाऊ." विल्फने मान हलवली. मग मान तशीच राहिली.

मेजरसाहेब जवळ आले. तोंड पांढरंफटक पडलेलं. "आपल्या पोरांची आठवण म्हणून... म्हणून मी आज लढाईतली हीच..." मग, देव जाणे का, त्यांनी शिट्टी ओठांना लावली आणि दोन आखूड शिट्ट्या वाजवल्या. परत दोन. परत दोन.

रानाच्या कडेला हाकारे येऊन उभे राहिले होते. नेड क्रॅग आणि बाकीचे बाप. एकानेही पाऊल पुढे टाकलं नाही.

"पुरे करा, मेजरसाहेब," अमॉस म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बोलताना टोपी काढली नाही. "आता परत यायला कोणी उरलेलं नाही."