रिंगणातले तिघे आणि सुरक्षा सुपरवायझर

इमारतीच्या साइटवर सगळे त्याला ‘सावधान’ म्हणत. तो होता सुरक्षा सुपरवायझर. कुणाचं हेल्मेट डोक्यावरून जरा सरकलं की हा खालून भोंग्यावर ‘सावधान!’ म्हणून असा खेकसे, की धडधाकट माणसाचाही तोल जावा.

भोंगा खालूनच वाजायचा, कारण सावधानला उंचीची भीती वाटे. साधीसुधी नाही; घरातला बल्ब बदलायलासुद्धा तो बायकोला स्टुलावर चढवी आणि स्वतः स्टूल धरून डोळे मिटे. ही गोष्ट साइटवर कुणालाही ठाऊक नव्हती. आणि आज ती कळून चालणार नव्हतं, कारण आज तपासणी होती. तपासणी पार पडली तर नोकरी पक्की, नाहीतर ठेकेदार त्याला नारळ देणार होता. मग सासऱ्यांच्या दुकानात खिळे विकायचे, आणि ‘मी म्हटलंच होतं’ हे सासऱ्यांचं पालुपद जन्मभर ऐकायचं.

तपासनीस बाई ठेंगण्या आणि कमालीच्या शांत होत्या. त्यांनी मान वर करून परांचीकडे, म्हणजे भिंतीलगत बांधलेल्या मचाणाकडे पाहिलं.

“वरच्यांनी पट्ट्याचे हूक लावलेत का?”

“हूक लावला का?” सावधान भोंग्यात ओरडला.

“लावलाऽऽ!” वरून गवंडी, सुतार आणि रंगारी एका सुरात ओरडले. सावधानची छाती फुगली.

“छान. चला, वर जाऊन बघू,” बाई म्हणाल्या.

छातीतली सगळी हवा गेली. पण शेजारी ठेकेदार उभा होता. सावधानने सुरक्षेचा पट्टा कमरेला आवळला, मनातल्या मनात बायकोपोरांचा निरोप घेतला आणि बाईंच्या टाचांवर नजर खिळवून शिडी चढू लागला. वर पोचताच त्याने डोळे गच्च मिटले आणि हाताला लागलेल्या पहिल्या कडीत स्वतःचा एक हूक अडकवला. खट्ट आवाज झाला. त्याला जरा बरं वाटलं.

“तुमचा हूक कशाला लावलाय?” बाई गवंड्याला विचारत होत्या.

“सुताराच्या पट्ट्याला.”

“आणि सुताराचा?”

“रंगाऱ्याच्या.”

“रंगाऱ्याचा?”

“गवंड्याच्या,” रंगारी अभिमानाने म्हणाला. “सावधानसाहेबांचा हुकूमच आहे, एकही हूक लोंबताना दिसता कामा नये.”

“तिघांतला एक पडला तर?”

तिघांनी एकमेकांच्या हुकांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना आजवर शिवलाच नव्हता. त्यांची खरी अडचण वेगळीच होती: एकाला लघवीला लागली की तिघांना जावं लागे.

“हूक लावायला आडवा दोर असतो, तो कुठंय?”

“तो काय!” गवंड्याने बोट दाखवलं. “पण त्याच्यावर बनियनं वाळत घातलीत. इथं वारा झकास लागतो.”

खालून हे ऐकणारा ठेकेदार लालबुंद झाला. “सावधान! उतर खाली! उद्यापासून तोंड दाखवू नकोस!”

सावधानला रडू कोसळायचं बाकी होतं. नोकरी गेली होती, आणि उतरावंसं कितीही वाटलं तरी पाय हलत नव्हते.

बाई पुढे जायला निघाल्या आणि मागे खेचल्या गेल्या. त्यांनी वळून पाहिलं. सावधानचा हूक त्यांच्याच पट्ट्याच्या मागच्या कडीत होता. त्यांचा स्वतःचा मात्र खांबाच्या लोखंडी कडीला होता, म्हणून बरं.

“अहो, सोडा मला!”

“नाही सोडणार,” सावधान डोळे मिटूनच म्हणाला. “दुसरा हूक लावल्याशिवाय पहिला सोडायचा नाही. नियम आहे.”

“मी सांगतेय ना!”

“तुम्ही सांगितलंत तरी नाही. तो दोर नीट बांधा, मी स्वतः ओढून बघेन, मगच सोडेन. मला भयंकर भीती वाटतेय हो!”

बाईंनी सुस्कारा सोडला. मग त्यांनी गवंड्याला बनियनं काढायला लावली आणि दोर खांबांना घट्ट बांधून घेतला. सावधानने तो हिसडे देऊन देऊन पाहिला. एक गाठ सरकली. त्याने ती पुन्हा बांधायला लावली, आपला दुसरा हूक दोराला अडकवला, आणि तेव्हा कुठे बाई सुटल्या.

बाई खाली वाकून ठेकेदाराला म्हणाल्या, “सगळीकडे असे दोर लागेपर्यंत काम बंद. आणि यांना काढायचं नाही. इथं जिवाला घाबरणारा हा एकटाच माणूस आहे. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यांनाच वर पाठवायचं. यांनी दोर ओढून बघितल्याशिवाय कुणी वर पाऊल ठेवायचं नाही.”

“नोकरी पक्की रे, सावधान!” ठेकेदार हात जोडत ओरडला. गवंडी, सुतार आणि रंगारी टाळ्या वाजवू लागले.

सावधानच्या गालांवरून आसवं ओघळली. सगळ्यांना वाटलं, आनंदाची आहेत.

“रोज?” त्याने विचारलं.