वाऱ्याची पिशवी

युद्ध संपलं आणि लष्कराने विमानतळ सोडला, तोही भिंतीतले खिळे उपटून. मागे राहिली धावपट्टी, एक मनोरा आणि खांबावरची वाऱ्याची पिशवी. ती लांबट कापडी पिशवी फुगली की वारा कुठून आहे ते वैमानिकाला वरूनच कळायचं. त्या पिशवीपायी शिवणबाईचं आयुष्य गेलं. वेडी म्हणा, काय वाटेल ते म्हणा.

शिवणबाई तेव्हा तळावरच्या शिवणखोलीत कामाला होती. फाटलेली पॅराशूटं जोडायची आणि ही पिशवी शिवायची. तळाची एक रीत होती. संध्याकाळी शेवटचं विमान उतरलं की पिशवी जिने शिवली तिनेच ती खाली घ्यायची आणि मनोऱ्याकडे तोंड करून ओरडून सांगायचं, "सगळे आले." एक जरी बाहेर असला, तरी पिशवी वरच. एके दिवशी तिचा दादाच आला नाही. त्याचं विमान समुद्रावर ढगात शिरताना दिसलं, बाहेर पडताना कुणालाच दिसलं नाही. शिवणबाईने दोरीला हात लावला नाही. चार-आठ दिवसांत युद्ध संपलं आणि पिशवी उतरव म्हणून सांगणारंही कुणी उरलं नाही.

पुढे तळाची पार रया गेली. विमानांच्या शेडमध्ये कोंबड्या आल्या, मनोऱ्यात कबुतरं, आणि धावपट्टीवर अख्खं गाव गाडी शिकलं. एवढी ऐसपैस जागा, तरी शिकणारे नेमके त्या खांबालाच जाऊन धडकायचे. पिशवी मात्र वरच होती. उन्हाने विरली की शिवणबाई नवी शिवून लगेच वर चढवायची, कारण घरात वहिनी होती. दादाची बायको, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. रोज संध्याकाळी ती खिडकीशी येऊन पिशवीकडे बघायची आणि मग स्वयंपाकाला लागायची. बिचारी त्या पिशवीच्याच आधारावर जगतेय, हे शिवणबाईच्या डोक्यात पक्कं बसलं. तिला एकटं टाकायचं नाही म्हणून तिने स्वतःचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलगा चांगला होता हो, पण ही ऐकेल तर शपथ.

दोघींचे केस पिकले आणि धावपट्टीवर घरं बांधायचं ठरलं. मुकादम दारात येऊन म्हणाला, "आजी, उद्या खांब कापतोय. तुमचं ते कापड काढून घ्या."

खांब गेला तर वहिनी कशाकडे बघणार? तिने घाईघाईने एक छोटी पिशवी शिवली आणि सकाळी काठी घेऊन गच्चीवर चढली. कठड्याला काठी बांधत होती, तेवढ्यात मागे वहिनी.

"वन्सं, या वयात हातपाय मोडून घ्यायचेत का? काय चाललंय?"

"तळावरचा खांब कापताहेत आज. म्हटलं, तू रोज बघतेस, तुला इथून दिसेल."

वहिनी कठड्याला टेकली. "मी तुमच्यासाठी बघते, वन्सं."

"म्हणजे?"

"तुम्ही एवढ्या मायेने शिवायच्या. बघितलं नाही तर तुम्हाला वाटेल, ही विसरली आमच्या दादाला. ते गेले हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही भावाची वाट बघायला लग्न मोडलंत. त्यावर कुठल्या तोंडाने बोलू? मलाही विचारलं होतं एकाने. तो गाडी शिकवणारा. पुन्हा पुन्हा विचारलं त्याने. मी म्हटलं, घरी वन्सं अजून वाट बघताहेत."

आता रागवायचं तरी कुणावर, सांगा. दोघी एका घरात राहिल्या, एकमेकींच्या दुखण्याखुपण्यात रात्री जागल्या, आणि एकमेकींना जपता जपता दोघींनी आपापल्या आयुष्याची माती केली. एका शब्दाचं काम होतं. शिवणबाई रडली, दादासाठी रडली नव्हती इतकी रडली.

मग दोघी हात धरून तळावर गेल्या. खांबापाशी कामगार खोळंबले होते. शिवणबाईने गाठ सोडली, पिशवी कप्पीवरून खडखडत खाली आली. ती मनोऱ्याकडे वळली. आता रीतीप्रमाणे ओरडून सांगायचं होतं. दादा आला नव्हता, तर म्हणणार तरी कसं?

वहिनीने तिचा हात घट्ट धरला आणि तीच म्हणाली, "सगळे आले."

मुकादम इकडेतिकडे बघायला लागला. "कोण आलं, आजी?"

"आम्हीच रे बाबा," वहिनी म्हणाली. "ते केव्हाच गेले. आम्ही दोघीच बाहेर राहिलो होतो."

शिवणबाईने पिशवीची घडी घातली आणि काखेत धरली. मुकादमाने माणसांना खूण केली.