पाणी प्यायची जागा

बारा वाजताच सूर्यभानचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि आता दोन वाजून गेले होते. एकतीस वर्षं गंगाखेड डेपोच्या गाडीत त्यानं उभ्यानं तिकिटं फाडली, तेव्हा या गुडघ्यांनी कधी तक्रार केली नाही. पण चालत्या गाडीत उभं राहणं वेगळं आणि या पार्कातलं चालणं वेगळं. इथं एक पाळणा झाला की दुसरा, एक रांग संपली की दुसरी, आणि बसायला म्हणावं तर प्रत्येक बाकावर कुणी ना कुणी पिशव्या ठेवून गेलेलं.

पार्क परभणीच्या पुढं, वसमत रोडला. उघडून दीड वर्ष झालं असेल. दिवाळीची सुट्टी होती, त्यामुळं मानवतपासून पार जिंतूरपर्यंतची माणसं आज तिथं लोटली होती. सूर्यभानला यायचंच नव्हतं. बायको सत्यशीला जाऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत तो घरापासून विहारापर्यंत आणि विहारापासून घरापर्यंत एवढंच चालला होता.

पण नात ऐकेना. सत्यशीला अंथरुणाला होती तेव्हा तिनं श्रद्धाला सांगितलं होतं, "बरी झाले की तुला त्या मोठ्या पार्कात नेते." बरी काही ती झाली नाही. सात वर्षांच्या पोरीनं मात्र तो शब्द धरून ठेवला. सुट्टी लागल्यापासून तिनं घरात एकच धोशा लावला. शेवटी सूर्यभानचा मुलगा धम्मपाल, जो झेडपीच्या शाळेत मास्तर आहे, म्हणाला, "दादा, तुमी पण चला. तुमाला एकट्याला घरी ठेवून आमचा पाय निघायचा न्हाई."

मग सकाळच्या एसटीनं परभणी, तिथून रिक्षानं पार्क. दाराशीच एवढी रेटारेटी की तिकिटं दाखवून आत शिरेपर्यंत सगळ्यांना घाम फुटला. धम्मपाल आणि त्याची बायको रेणुका पुढं नकाशाच्या पाटीकडं गेले. मागं श्रद्धा म्हणाली, "आबा, पाणी." सूर्यभाननं खांद्यावरच्या पिशवीतली बाटली काढून तिला दिली, उरलेल्यातले दोन घोट स्वतः प्याला आणि बूच लावून पुढं निघाला. तो विचारात होता. कसल्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आता ते सगळ्यात मोठ्या झुल्यापुढं उभे होते. माणसं उलटी टांगून गरागरा फिरवणारा तो झुला होता. खांबावर आखलेल्या रेषेपर्यंत श्रद्धाचं डोकं पोचत नव्हतं, चार बोटं कमी पडत होती. ती फुगून बसली.

"मी न्हाई जात," रेणुका म्हणाली. "तुमीच जाऊन या."

"भिते ती," धम्मपाल बापाला म्हणाला.

"भितंय कोण? नांदेडच्या दवाखान्यात लिफ्टमधी डोळे मिटून कोण उभं होतं, सांगू का पोरीला?"

"सांग सांग," श्रद्धा म्हणाली. फुगलेली असूनही तिला हसू आलं.

सूर्यभान रेणुकाकडं बघत होता. सत्यशीलाच्या आजारपणात नांदेडच्या फेऱ्या याच पोरीनं केल्या. तिला न्हाऊ घालणं, कुशीवर वळवणं, रात्री-अपरात्री उठणं, सगळं हिनंच केलं. सासू-सुनेचं पहिल्यापासून फार पटत होतं असंही नाही, पण शेवटी सत्यशीला हिच्याच हातनं खायची. झुल्याकडं बघताना रेणुकाची मान आपोआप वर गेली होती आणि तिच्या तोंडावर असं काहीतरी होतं, जे त्यानं लय दिवसांत बघितलं नव्हतं.

"जा की, रेणुका," तो म्हणाला. "मी बसतो हिला घेऊन. तेवढंच माझ्या पायाला बरं."

"मामा, गर्दी लय हाय."

"एकतीस वर्षं गर्दीच सांभाळली मी."

रेणुका तरी घुटमळली. मग पर्स नवऱ्याजवळ देत सासऱ्याला म्हणाली, "हात तेवढा सोडू नका तिचा." दोघांनी पर्स, मोबाईल आणि चपला तिथल्या खणात ठेवल्या आणि ते रांगेला लागले.

लिंबाखाली एक बाक रिकामा झाला. सूर्यभान बसला. एका हातात श्रद्धाचा हात, दुसऱ्या हातात तिच्या मक्याच्या लाह्यांचा पुडा. रांग लांब होती. ऊन पानांतून अंगावर येत होतं. श्रद्धा शाळेतल्या कुठल्याशा पोरीचं काहीतरी सांगत होती, तिनं कशी हिची पेन्सिल घेतली आणि दिलीच नाही.

कंडक्टरला बसल्या जागी झोपता येतं. ड्यूटी संपवून परतीच्या गाडीत बसलं की डोळा लागायचा आणि आपला थांबा आला की आपोआप उघडायचा. ती सवय सुटली नव्हती. उघडायची सवय मात्र कधी गेली ते त्याला कळलं नाही.

जाग आली तेव्हा लाह्यांचा पुडा मांडीवर होता आणि दुसरा हात रिकामा होता.

आधी तो बसूनच इकडंतिकडं बघत राहिला. मग उठला. बाकाच्या मागं बघितलं. शेजारच्या बाकावर एक बाई लेकराला पाजत होती. "बाई, इथं एक पोरगी होती, बघितली का?" बाईनं मान हलवली. किती वेळ गेला असावा? रांगेकडं बघितलं तर धम्मपाल आणि रेणुका तिथं नव्हते, म्हणजे ते झुल्यात चढले होते. वरून माणसं ओरडत होती. त्यात रेणुकाचा आवाजही असेल.

तो झुल्याच्या दारावरच्या माणसाकडं गेला. "गंगाखेडचे दोघं हायत वर, धम्मपाल नावाचा. उतरले की सांगा, पोरगी चुकलीय म्हणून. मी हुडकायलोय."

मग गोल फिरणाऱ्या घोड्यांपाशी गेला, तिथून छोट्या रेल्वेपाशी. भेळवाल्यापाशी लेकरांचा घोळका दिसला, त्यातलं प्रत्येक तोंड बघितलं. गुडघे दुखत होते की नाही, याचंही त्याला भान नव्हतं. रेणुकाला काय तोंड दाखवायचं, एवढंच डोक्यात घोळत होतं. तिनं एकच गोष्ट सांगितली होती.

कुणीतरी चौकशीची खोली दाखवली. आत एक पोरगी माईकपुढं बसली होती.

"नाव?"

"श्रद्धा. श्रद्धा धम्मपाल."

"वय?"

"सात."

"कपडे कोणते आहेत अंगावर?"

फ्रॉक होता की ड्रेस, आठवेना. रंग आठवेना. पोखर्णीला तिकीट न काढता उतरलेल्या माणसाचा शर्ट त्याला वर्षानंतर आठवायचा. पण घरात कोणी काय घातलंय, हे बघायचं काम सत्यशीलाचं.

"दोन वेण्या हायत," तो म्हणाला. "पुढचा एक दात पडलाय. परवाच पडला."

पोरीनं लिहून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तिला कुठं यायला सांगू? इथं ही खोली लेकरांना सापडत नाही. तिला माहीत असलेली एखादी जागा सांगा."

तिला माहीत असलेली जागा.

सूर्यभान टेबलाला धरून उभा राहिला. धम्मपाल सहा वर्षांचा होता तेव्हा ते नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. त्या गर्दीत पोरगं हातातून सुटलं. दोन तास ती दोघं वेड्यासारखी फिरली. सापडलं ते सकाळी आल्या आल्या जिथं सगळ्यांनी पाणी घेतलं होतं, त्या मंडपात. तेवढी एकच जागा त्याच्या ध्यानात राहिली होती. तेव्हापासून सत्यशीलानं नेम धरला. उरूस असो, लग्न असो, चौदा एप्रिलची मिरवणूक असो, आत शिरलं की आधी सगळ्यांना एका जागी उभं करून पाणी पाजायचं आणि सांगायचं, "बगा, आपुन इथं पाणी पिलाव. कोणी चुकलं तर इथंच यायचं. दुसरीकडं हुडकत फिरायचं न्हाई." दवाखान्यात भरती व्हायला गेली तेव्हासुद्धा तिनं आधी हे केलं होतं. सूर्यभान तिला हसायचा. "तहान नसली तरी पाजतीस," म्हणायचा.

आज कोणीच पाणी पाजलं नव्हतं. कोणीच जागा सांगितली नव्हती. इतकी वर्षं सांगणारी होती म्हणून बाकीच्यांना ध्यानात ठेवायची वेळच आली नव्हती.

आणि मग त्याला ती बाटली आठवली. दाराच्या आत, पाठ टेकायला काहीतरी थंड होतं. सिमेंटचं. करडं.

"हत्ती," तो म्हणाला. "दारातल्या हत्तीपाशी ये म्हणावं."

"दारात तीन हत्ती आहेत, बाबा."

"ज्याच्यापाशी आपुन पाणी पिलाव तो. तसंच सांगा."

पोरीनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि माईक ओढून तसंच सांगितलं.

दार लांब होतं. येताना चढ कळला नव्हता, आता जाताना उतारावरचं प्रत्येक पाऊल गुडघ्यात बसत होतं. वाटेत दोनदा माईकवरून तेच ऐकू आलं, ज्या हत्तीपाशी आपण पाणी प्यालो तिथं ये. माणसं हसत होती. पहिल्या हत्तीपाशी कोणी नव्हतं. दुसऱ्यापाशी एक कुटुंब फोटो काढत होतं.

तिसऱ्या हत्तीच्या पुढच्या पायाला पाठ लावून श्रद्धा उभी होती. फ्रॉक पिवळा होता. हाताची घडी घातलेली आणि तोंड रागावलेलं. रडून झालं होतं, गालांवर ओघळ वाळले होते.

"किती उशीर, आबा," ती म्हणाली. "मी कवाची उभी हाय."

सूर्यभान तिथंच चौथऱ्यावर बसला.

"अस्वलाचा पोशाख घातलेला माणूस आलता. मी बघायला गेले. मग बाकच सापडंना, सगळे बाक सारखेच. मग मी इथं आले."

"इथंच कशी आलीस, माय?"

"आपुन इथं पाणी पिलाव की सकाळी." मग जरा थांबून, "तुमी काय म्हणलाच न्हाईत. आजी म्हणत असती. मग मीच ध्यानात ठेवलं."

सूर्यभाननं मान हलवली. तिचा हात हातात घेतला.

धम्मपाल आणि रेणुका पळतच आले. दोघंही अनवाणी होते, चपला खणातच राहिल्या होत्या. रेणुकाचे केस झुल्यात सुटलेले तसेच होते. तिनं पोरीला ओढून छातीशी धरलं, मग लांब करून तिचे हातपाय बघितले, मग पुन्हा धरलं.

"सोडलाव का दादा हात तिचा?" धम्मपाल म्हणाला. आवाज चढलेला होता.

"माझा डोळा लागला," सूर्यभान म्हणाला. त्याला दुसरंही काही सांगता आलं असतं. पोरगी पळाली, गर्दी आली. पण त्यानं रेणुकाकडं बघून पुन्हा सांगितलं, "तू सांगितलं होतंस. माझा डोळा लागला."

ओढणीनं रेणुकानं श्रद्धाचं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. मग सासऱ्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडं हात केला.

"हाय का पाणी?"

"हाय थोडं."

बाटली घेऊन तिनं आधी पोरीला पाजलं. मग नवऱ्यापुढं धरली.

"मला तहान न्हाई," धम्मपाल म्हणाला.

"प्या म्हणते ना घोटभर."

तो प्याला. ती प्याली. तळाला उरलेलं तिनं सूर्यभानकडं दिलं. "घ्या, मामा." पाणी कोमट झालं होतं. त्यानं ते सगळं पिऊन टाकलं. सत्यशीला म्हणायची ते पुढचं वाक्य कोणी बोललं नाही. श्रद्धा एकेकाच्या तोंडाकडं बघत वाट पाहत होती. शेवटी हत्तीच्या पायावर हात मारून तीच म्हणाली, "हीच जागा बरं का."

त्यानंतर ते कुठल्याच झुल्यात बसले नाहीत. पर्स, चपला आणि मोबाईल घेतले, पोरीला एक आईस्क्रीम घेतलं आणि बाहेर पडले. परभणीच्या स्टँडवर गंगाखेडच्या गाडीला ही गर्दी. कंडक्टर ओळखीचा निघाला, त्यानं सूर्यभानला मधल्या रांगेत खिडकीजवळ जागा करून दिली. श्रद्धा आजोबाच्या मांडीवर बसली आणि गाडी हलायच्या आत झोपली.

रेणुका शेजारी दांड्याला धरून उभी होती. थोड्या वेळानं ती वाकून म्हणाली, "मामा, टेका जरा. मी हाय जागी. बघते मी."

"न्हाई. बसतो असाच."

तिनं आग्रह केला नाही. पोखर्णी गेली. दैठणा गेलं. बाहेर उसाच्या ट्रॉल्या लागायला लागल्या. गाडीतली निम्मी माणसं डुलत होती, धम्मपाल उभ्या उभ्या पेंगत होता. सूर्यभानच्या डोळ्यांची आग होत होती. प्रत्येक थांब्याला त्याला झोप येऊन धडकायची आणि तो मान झटकून सरळ बसायचा. पोरीचा हात त्याच्या मुठीत होता.

गंगाखेडच्या स्टँडवर रेणुकानं श्रद्धाला उचलून घ्यायला हात पुढं केले, तेव्हा त्याची मूठ सुटेना. बोटं आखडून गेली होती. दुसऱ्या हातानं एकेक बोट सरळ करून त्यानं तो लहान हात सोडवला आणि तिच्या स्वाधीन केला.